छप्पर पट मोजून गळत नाही

गेल्या शनिवारी ऑफिसच्या ग्रुपबरोबर एका पाड्यावरच्या जिल्हा परिषद शाळेच्या भिंती रंगवायला गेलो होतो. हत्ती, फुलपाखरं, बाराखडी... फोटो झकास आले! निघताना गुरुजींना विचारलं, "सर, अजून काही हवंय?" ते हसले. "रंग छान झाला हो. पण वरचे पत्रे बदलायला हवेत. पावसात दोन्ही वर्ग एकाच खोलीत बसवतो." शाळेचा पट २८.

घरी येऊन समग्र शिक्षा योजनेचे २०२१चे निकष वाचले. शाळेचं वार्षिक अनुदान पटावर ठरतं. ३० मुलांपर्यंत १० हजार, ३१ ते १०० मुलांना २५ हजार, हजाराच्या वर १ लाख. त्यातच खडू, वीजबिल आणि इमारतीची किरकोळ दुरुस्ती. म्हणजे एक मूल वाढलं की १५ हजार जास्त! असा इफ-एल्स मी लिहिला असता तर टीम लीडने तिथल्या तिथे परत पाठवला असता.

वह्या-पुस्तकांचा खर्च मुलांवर ठरतो, मान्य. पण छप्पर काय पट मोजून गळतं? मोठ्या कामासाठी वेगळा निधी असतो, पण त्यासाठी प्रस्ताव, पाठपुरावा, वजन लागतं. सधन गावं लोकवर्गणी काढतात. पाड्याने काय काढायचं?

आपल्या सोसायटीचंच बघा ना. आदर्श उपविधींनुसार दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या किमान पाऊण टक्का दरवर्षी जमा करायचा असतो. घरात माणसं दोन की सहा, कुणी विचारत नाही. शाळेलाही हाच नियम लावा की! इमारतीचं क्षेत्रफळ, वय आणि तिथला पाऊस बघून दरवर्षी ठरावीक रक्कम द्या, न मागता.

"पैसा कुठून आणायचा?" हा प्रश्न येणारच. २००४ पासून आपण शिक्षणासाठी उपकर भरतोय, २०१८ पासून आरोग्य धरून ४ टक्के. आणि छोट्या शाळा बंदच करा म्हणणाऱ्यांनी सहा वर्षांच्या पोराला भर पावसात ओढा ओलांडायला लावून दाखवावं.

ऑगस्ट २०१७ मध्ये नगरजवळच्या निंबोडीत शाळेचं छत कोसळून तीन मुलं गेली. जुलै २०२५ मध्ये राजस्थानात झालावाड जिल्ह्यातल्या पिपलोदीत सात. दोन्ही पावसाळ्यातच.

असो. पुढच्या वेळी रंगाचे डबे नेणार नाही. गुरुजींच्या प्रस्तावाची प्रत घेऊन पंचायत समितीत जाणार आहे. फोटो येणार नाहीत, चालेल.