गोरेपणाची ट्यूब आणि तिच्यावरची बारीक अक्षरं

मैत्रिणींनो, लग्नसराई तोंडावर आली की साड्या, दागिने आणि आहेराच्या यादीत आणखी एक गोष्ट हळूच येऊन बसते. ती म्हणजे चेहऱ्याला लावायची ट्यूब! कुणी ती पार्लरमधून आणते, कुणी मेडिकलमध्ये जाऊन "ती वांगाची द्या हो" म्हणून मागते, तर कुणाच्या हातावर ती जावेनं नाहीतर नणंदेनं ठेवलेली असते. डॉक्टरांची चिठ्ठी कुणी मागत नाही, आपणही दाखवत नाही. तोंडाला लावायचं क्रीमच ते, त्यात कसलं आलंय औषध, असं आपल्याला वाटतं. तेच आज जरा तपासून बघू या.

आमच्या ओळखीतल्या एका सूनबाईंची गोष्ट ऐका. दुसऱ्या बाळंतपणानंतर दोन्ही गालांवर वांगाचे डाग आले. शेजारणीनं ट्यूब सांगितली. पंधरा दिवसांत डाग फिके, चेहरा उजळ. "बाई, गुण आला बघा!" असं मला कौतुकानं सांगितलंही. वर्ष उलटलं तरी ट्यूब चालूच. मग स्वयंपाकाला गॅसपुढे उभं राहिलं की चेहरा लालभडक, उन्हात गेलं की आग. दोन दिवस क्रीम चुकलं की पुरळ उठायचं, म्हणून पुन्हा क्रीम! गालांवर बारीक लाल शिरा दिसू लागल्या, हनुवटीवर लव वाढली. शेवटी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेल्या, तर त्यांचा पहिला प्रश्न होता, "कुठली ट्यूब लावता?"

ट्यूबमध्ये स्टिरॉइड होतं. आता हे स्टिरॉइड म्हणजे विष नव्हे, बरं का. इसब, सोरायसिस अशा दुखण्यांत ते मोठं वरदान आहे. ज्या शोधातून ही औषधं आली, त्याला १९५० साली नोबेल पारितोषिक मिळालं आणि १९५२ पासून ती मलमांतून त्वचेवर वापरली जाऊ लागली. पण ती लावायची ठरावीक जागी, ठरावीक दिवस, डॉक्टरांच्या नजरेखाली. त्यानं कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, लाली आणि खाज बसते, रंगही फिका पडतो. म्हणून आठवड्याभरात चेहरा उजळल्यासारखा वाटतो. महिनोन् महिने लावलं की तीच कातडी पातळ होत जाते, मुरमं येतात, लव वाढते. आणि थांबवलं की आकसलेल्या रक्तवाहिन्या एकदम फुलतात, चेहरा पेटतो. बाईला वाटतं, क्रीम सोडलं म्हणून त्रास झाला. खरं तर तो क्रीमनंच केलेला असतो.

ही एकट्यादुकट्या बाईची गोष्ट नाही. देशातल्या १२ केंद्रांत त्वचारोगतज्ज्ञांनी केलेली एक पाहणी २०११ साली प्रसिद्ध झाली. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्यावर स्टिरॉइड लावत होते. त्यांतल्या निम्म्याहून अधिक लोकांना ते डॉक्टरांनी दिलेलंच नव्हतं. आणि दर दहांतल्या नऊ जणांना त्याचे दुष्परिणाम झालेले होते.

मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारनं अशी १४ स्टिरॉइड मलमं 'शेड्यूल एच'मध्ये घातली, म्हणजे ती चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असं ठरलं. पण नियम कागदावर असतो आणि ट्यूब आपल्या कपाटात. तेव्हा राखण आपणच करायची.

ती अशी. ट्यूबवर उभी लाल रेघ दिसली की समजा, हे चिठ्ठीवरचं औषध आहे. मग बारीक अक्षरांतली नावं वाचा. इंग्रजी अक्षरं लागत नसतील तर घरातल्या शाळकरी मुलाला वाचायला सांगा. बेटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन, बेक्लोमेथासोन, ही सगळी स्टिरॉइडंच. वांगाच्या पुष्कळ ट्यूबांत मोमेटासोनबरोबर हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइनही असतं. दिवस गेले असतील किंवा तसा विचार असेल, तर अशी ट्यूब डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच लावू नका.

नावंच नसलेली डबी तर त्याहून वाईट. अकोल्यात एका तरुणीनं पार्लरमधून घेतलेलं क्रीम लावलं. चेहरा उजळलेला पाहून आई आणि बहिणीनंही तेच लावायला सुरुवात केली. २०२२ साली तिघींच्याही मूत्रपिंडांना सूज आली. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात शोध घेतला, तेव्हा त्या क्रीममध्ये पारा सापडला, तोही भरमसाट. पारा कातडीचा रंग बनू देत नाही, म्हणून चेहरा उजळतो. पण तो कातडीतून रक्तात जातो आणि थेट मूत्रपिंडांवर घाव घालतो. रंगासाठी घेतलेल्या डबीची किंमत तीन बायकांनी अशी मोजली! म्हणून बनवणाऱ्याचं नाव, पत्ता, घटक आणि परवाना क्रमांक नसलेली डबी कितीही गुणकारी म्हणून सांगितली, तरी घरात आणू नका. आणि असं क्रीम लावत असताना पायांवर किंवा डोळ्यांखाली सूज आली, लघवीला फेस येऊ लागला, तर उशीर न करता डॉक्टर गाठा.

गजकर्णाचंही असंच होतं. तीन-तीन औषधं एकत्र असलेली मलमं दुकानात मागितली की मिळतात. त्यांत स्टिरॉइड असलं की खाज दोन दिवसांत थांबते, पण बुरशी आत पसरत राहते. मग आईचं नवऱ्याला, नवऱ्याचं मुलांना, असं घरभर फिरतं. टॉवेल आणि कपडे वेगळे ठेवा, गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा, आणि ज्यांना ज्यांना झालंय त्या सगळ्यांनी एकदमच उपचार घ्या. अंगावर फिकट चट्टा असून तिथं स्पर्श कळत नसेल, तर मात्र कुठलंही मलम न लावता आधी तपासून घ्या. तो कुष्ठरोग असू शकतो. वेळेवर औषध घेतलं तर तो पूर्ण बरा होतो, आणि सरकारी दवाखान्यात त्याचं औषध फुकट मिळतं.

आता तुम्ही म्हणाल, माझी ट्यूब तर वर्षभर चालूच आहे, मी काय करू? घाबरून आजच फेकून देऊ नका आणि उद्या पुन्हा लावूही नका, असं अर्धवट करू नका. ट्यूब पिशवीत घाला आणि त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. ती कशी कमी करत बंद करायची ते तेच सांगतील. आपल्या जिल्ह्यात अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. केसपेपर काढून त्वचारोग विभागात दाखवा. किती महिने लावलं ते खरं सांगा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आणि वांग? बाळंतपणात तो अनेकींना येतो, गर्भनिरोधक गोळ्यांनीही येऊ शकतो. गोळ्या चालू असताना आला असेल तर डॉक्टरांना तेही सांगा. आपल्या बीडचं ऊन त्याला आणखी गडद करतं. गच्चीवर कुरडया-पापड घालायचे ते सकाळी लवकर, बाहेर पडताना छत्री नाहीतर डोक्यावर पदर, आणि परवडत असेल तर एस. पी. एफ. तीस किंवा त्याहून अधिक असलेलं सनस्क्रीन. लिंबाचा रस तोंडाला चोळून उन्हात जाऊ नका, उलट कातडी भाजते आणि काळे डाग पडतात. वांग हळूहळू फिका होतो, त्याला महिने लागतात. आठ दिवसांत गोरं करणाऱ्या वस्तूचा म्हणूनच संशय घ्यायचा.

शाळेत माझ्या नववीतल्या मुली एकमेकींना ट्यूबांची नावं सांगतात, तेव्हा कळतं की ही गोष्ट त्या घरातूनच शिकून आल्यात. मुलगी सावळी म्हणून आपण हळहळतो, ते तिच्या कानावर पडत असतं. आज कामं आटोपली की कपाटातल्या सगळ्या ट्यूबा काढा, मुलीला शेजारी बसवा आणि दोघी मिळून बारीक अक्षरं वाचा. आणि वाचता वाचता तिला हेही सांगा की तिचा रंग हा काही आजार नाही.