जोडलाय, पण चालत नाही

रात्रीचे दहा वाजून गेले होते आणि भाच्याचा फोन आला. "मावशी, लॅपटॉपवर कनेक्टेड दिसतंय. गेममध्ये मात्र काहीच हलत नाही. रिमोट गेला का गं?"

तो पुण्यात होस्टेलवर राहतो. प्लेस्टेशन ४ सांगलीच्या घरी टीव्हीखाली राहिला. बॅगेतून त्याने आणला तो फक्त कंट्रोलर. आमच्याकडे त्याला सगळे अजून रिमोटच म्हणतात. वापरून वापरून डाव्या स्टिकवरचं रबर गुळगुळीत झालंय, बाकी ठणठणीत आहे. "गेला नाहीये," मी म्हटलं, "फोन ठेवू नकोस." पुढचा पाऊण तास आम्ही दोघं त्या एका कंट्रोलरच्या मागे होतो.

असे फोन मला बरेच येतात आणि बहुतेकांचा शेवट चांगला होत नाही. माणूस दोन संध्याकाळी झटतो, वैतागतो, धडधाकट कंट्रोलर खणात टाकतो आणि नवा विकत आणतो. त्याला वाटतं, आपल्याला जमलं नाही. ही समजूत मला फार खटकते. पाच हजारांच्या घरातली वस्तू विकताना ती कोणाशी बोलेल, कोणत्या वाटेने बोलेल आणि कुठे गप्प बसेल, हे सांगायची जबाबदारी बनवणाऱ्याची आहे, आणि ती त्याने टाळलेली असते.

भाच्याचंच घ्या. पीएस आणि शेअर ही दोन बटणं एकदम दाबून धरली की कंट्रोलरवरचा दिवा भराभर लुकलुकायला लागतो. मग लॅपटॉपच्या ब्लूटूथच्या यादीत 'वायरलेस कंट्रोलर' असं नाव येतं, त्यावर क्लिक केलं की झालं. हे त्याने बरोबर केलं होतं. मी त्याला विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबायला सांगितलं आणि समोर आलेल्या चौकटीत इंग्रजी अक्षरांत 'जॉय.सीपीएल' टाइप करायला लावलं. ही सोय विंडोजमध्ये कित्येक वर्षं आहे आणि कोणी ती सांगत नाही. उघडलेल्या यादीत कंट्रोलर होता. त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन बटण दाबलं की पडद्यावरचा लाल ठिपका उजळत होता. म्हणजे बटणं चांगली, ब्लूटूथ चांगलं, लॅपटॉपही चांगला. अडलं होतं ते त्याच्या पुढे.

ते कुठे अडतं हे कळायला २००५ सालापर्यंत मागे जावं लागतं. त्या वर्षी मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स ३६० बाजारात आणला आणि त्याच सुमारास संगणकावर गेम लिहिणाऱ्यांना एक्सइनपुट नावाची नवी पद्धत दिली. त्याआधीच्या डायरेक्टइनपुटमध्ये प्रत्येक कंट्रोलर आपल्याकडे किती बटणं आणि किती दांडे आहेत ते सांगायचा. कोणतं बटण उडी मारायचं आणि कोणतं गोळी झाडायचं हे खेळणाऱ्याला बसून ठरवावं लागे. एक्सइनपुटने ती कटकट संपवली. दोन स्टिक, दोन ट्रिगर, ए, बी, एक्स, वाय; एका वेळी जास्तीत जास्त चार कंट्रोलर. ठरलेला साचा. गेम लिहिणाऱ्यांना तो इतका सोयीचा पडला की पुष्कळ गेम फक्त तोच साचा शोधतात. प्लेस्टेशनचा कंट्रोलर त्या साच्यातला नाही. तो जुन्या पद्धतीने आपली बटणं सांगत राहतो, विंडोज ऐकतं, गेम तिकडे बघतच नाही.

सगळ्यात सोपी वाट म्हणजे स्टीम. डिसेंबर २०१६पासून स्टीमने प्लेस्टेशन ४च्या कंट्रोलरला थेट सामावून घेतलंय. कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये खूण केली की स्टीममधून सुरू केलेल्या गेमला तो कळायला लागतो. बाहेरून घेतलेला गेमही स्टीमच्या यादीत टाकून तिथूनच सुरू करता येतो. भाच्याला ते नको होतं, म्हणून त्याने डीएस४विंडोज उतरवून घेतलं. हे सॉफ्टवेअर व्हिजेमबस नावाच्या ड्रायव्हरच्या मदतीने संगणकात एक खोटा एक्सबॉक्स कंट्रोलर उभा करतं. तुम्ही फुली दाबली की तो खोटा कंट्रोलर गेमला 'ए दाबलं' म्हणून सांगतो. गेमची खात्री पटते.

इथे एक अडचण हमखास येते. खरा आणि खोटा असे दोन्ही कंट्रोलर दिसणारा गेम असेल, तर एकदा दाबलं की मेन्यूत दोन ओळी पुढे जातो. त्यावर खऱ्याला गेमच्या नजरेआड करणारं हिडहाइड नावाचं साधन आहे. आणि एक इशारा मनापासून देते: यातलं काहीही घेताना ते लिहिणाऱ्यांच्या गिटहबवरच्या मूळ पानावरूनच घ्या. मिळत्याजुळत्या नावांची पानं शोधात वर येतात.

डीएस४विंडोज आजवर अनेक हातांतून गेलंय. एकाने सुरू केलं, दुसऱ्याने वाढवलं, तिसऱ्याने पुढे चालवलं. बरेचसे टोपणनावाने काम करणारे, नोकरी सांभाळून रात्री लिहिणारे. व्हिजेमबसचं काम त्याच्या कर्त्याने २०२३मध्ये थांबवलं. जगभरच्या खणांतले कितीतरी कंट्रोलर ज्या ड्रायव्हरवर चालतात, त्याच्यामागे अशी मोजकी माणसं उभी होती, याची जाणीव ते फुकट उतरवून घेताना आपण ठेवायला हवी. ज्यांनी कंट्रोलर विकून पैसे मिळवले, त्यांचं राहिलेलं काम या लोकांनी केलं.

दुसऱ्या दिवशी परत फोन. आता खेळताना मध्येच हात सुटल्यासारखं होत होतं. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं आणि बरंचसं वायफायही तिथेच. होस्टेलच्या एका मजल्यावर किती फोन आणि किती राउटर असतील, विचार करा. शिवाय यूएसबी ३.०च्या पोर्टमधून आणि केबलमधून याच पट्ट्यात रेडिओचा गोंगाट बाहेर पडतो. इंटेलने २०१२मध्येच त्यावर सविस्तर टिपण प्रसिद्ध केलं होतं. ब्लूटूथचा डोंगल लॅपटॉपच्या निळ्या पोर्टमध्ये, शेजारी हार्डडिस्क आणि मध्ये टेबलाचा लोखंडी पाय, अशी मांडणी असेल तर कंट्रोलर अडखळणारच. हातभर लांबीची एक्स्टेन्शन केबल लावून डोंगल समोर आणून ठेवायचा, इतकंच पुरतं. भाच्याकडे डोंगल नव्हता, ब्लूटूथ लॅपटॉपच्या आतलंच होतं. म्हणून मी म्हटलं, केबल लावून बघ.

त्याने जवळच्या दुकानातून केबल आणली. कंट्रोलर चार्ज होत होता, लॅपटॉपला मात्र दिसत नव्हता. दुकानदाराकडे परत गेला तर उत्तर मिळालं, "चार्जिंग होतंय ना? मग केबल चांगली आहे." साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात. लाल आणि काळी विजेसाठी, हिरवी आणि पांढरी माहितीसाठी. स्वस्त चार्जिंगच्या केबलमध्ये शेवटच्या दोन तारा घातलेल्याच नसतात. बाहेरून पाहून काही कळत नाही आणि पाकिटावर ते छापलेलं नसतं. घरी तपासायचा उपाय सोपा आहे. त्याच केबलने एखादा जुना फोन संगणकाला जोडा. फोनमधले फोटो संगणकावर दिसले तर तारा चार आहेत. पण ही तपासणी गिऱ्हाइकाने घरी जाऊन का करावी? 'फक्त चार्जिंगसाठी' हे दोन शब्द पाकिटावर सक्तीने छापायला लावले पाहिजेत.

केबलचाच याहून मोठा चकवा एक्सबॉक्स ३६०च्या वायरलेस कंट्रोलरमध्ये आहे, आणि ते कंट्रोलर आजही पुष्कळ घरांत आहेत. त्यात ब्लूटूथ नाहीच. मायक्रोसॉफ्टची स्वतःची वेगळी रेडिओ पद्धत आहे. वेगळी विकत मिळणारी प्ले अँड चार्ज केबल संगणकाला लावली की दिवा लागतो, बॅटरी भरते. बटणांची खबर मात्र त्या केबलमधून जातच नाही. ती शेवटपर्यंत रेडिओनेच जाते आणि ती ऐकायला संगणकाला वेगळा रिसीव्हर लागतो. एका रिसीव्हरवर चार कंट्रोलर चालतात. बाजारात त्याच्या नकला भरपूर आहेत आणि त्या विंडोज आपणहून ओळखत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन यादीतून 'एक्सबॉक्स ३६० वायरलेस रिसीव्हर फॉर विंडोज' हा ड्रायव्हर हाताने निवडावा लागतो. निवडला की बहुतेक चालतात.

पुढे २०१३मध्ये एक्सबॉक्स वन आला, त्याच्याही पहिल्या कंट्रोलरांत ब्लूटूथ नव्हतं. ते २०१६मध्ये एक्सबॉक्स वन एसबरोबर आलं. जुना घेत असाल तर एक्सबॉक्सच्या गोल बटणाभोवतीचं प्लास्टिक पाहा. ते समोरच्या भागाशी सलग असेल तर ब्लूटूथ आहे. वरच्या चकचकीत पट्टीचा भाग असेल तर नाही. इतका महत्त्वाचा फरक ग्राहकाने प्लास्टिकच्या सांध्यावरून ओळखायचा, हे मला अजिबात पटत नाही.

प्लेस्टेशन ३च्या कंट्रोलरमध्ये ब्लूटूथ आहे, पण जोडी जमवायची नेहमीची रीत तो पाळत नाही. कोणाशी बोलायचं त्याचा पत्ता आधी केबलमधून त्याच्यात लिहावा लागतो. पुण्यातल्या एका कॉलेजात रोबोकॉन स्पर्धेची तयारी करणाऱ्या मुलांना मी हे करताना पाहिलंय. त्यांनी तो पत्ता आर्डुइनोच्या पाटीवरून लिहिला आणि त्याच कंट्रोलरने रोबो चालवला. मुलांनी कागद वाचून, चुका करून ते मिळवलं होतं. पण ही माहिती पहिल्यांदा जगाला मिळाली ती कोणीतरी कंट्रोलर आणि कन्सोलमधलं बोलणं चोरून ऐकल्यामुळे, कंपनीने सांगितल्यामुळे नव्हे.

आणि सांगणं अशक्य आहे असंही नाही. २०२१मध्ये सोनीने प्लेस्टेशन ५च्या ड्युअलसेन्स कंट्रोलरसाठी लिनक्सचा ड्रायव्हर स्वतः लिहून दिला. कर्नेलच्या ५.१२ आवृत्तीपासून तो आतच आहे, वेगळं काही उतरवावं लागत नाही. याच सोनीच्या कंट्रोलरमधलं बारीक थरथरणं आणि ट्रिगरचा बदलता दाब विंडोजवरच्या बहुतेक गेममध्ये केबल लावल्याशिवाय मिळत नाही. एका दारातून स्वागत, दुसऱ्या दारात थांबायला लावणं, असं का?

मला सर्वांत जवळचं वाटतं ते गूगलच्या स्टेडियाचं उदाहरण. इंटरनेटवरून गेम खेळायची ही सेवा भारतात आलीच नाही. १८ जानेवारी २०२३ला ती बंद झाली. तिचा कंट्रोलर वायफायवरून थेट गूगलच्या सर्व्हरशी बोलायचा. सर्व्हर गेले की केबलशिवाय तो निरुपयोगी होणार होता. पण आत ब्लूटूथची चिप होती, ती झोपवून ठेवलेली. बंद होण्याच्या त्याच आठवड्यात गूगलने ती जागी करायचं साधन लोकांना दिलं. कंट्रोलर केबलने संगणकाला लावायचा, क्रोममध्ये एक पान उघडायचं, काही मिनिटांत तो कायमचा ब्लूटूथ कंट्रोलर. त्याला २०२३अखेरची मुदत होती, ती नंतर वाढवली. सेवा संपली, वस्तू वाचली. हेच सगळ्यांकडून कायद्याने का मागू नये?

युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४पासून छोट्या उपकरणांना टाइप-सी सक्तीचं केलं, त्यामुळे चार्जरचा ढीग कमी होईल. पण भोक एक झालं म्हणून आतली भाषा एक होत नाही. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, पोर्टल काढलं. त्यातली चर्चा सुट्या भागांची आणि बॅटऱ्यांची आहे, आणि ती हवीच. तिच्यात ही मागणीही जायला हवी की विकलेल्या उपकरणाची बोलण्याची पद्धत बनवणाऱ्याने लेखी प्रसिद्ध करावी आणि तो माल बंद करताना खुली करून जावी. खोक्यावर ठळक छापावं: कशाशी जोडता येतो, केबलने की बिनतारी, आणि त्यात काय काय चालणार नाही.

हे फक्त खेळणाऱ्या मुलांसाठी मागत नाहीये. २०१८मध्ये आलेल्या एक्सबॉक्स अडॅप्टिव्ह कंट्रोलरच्या मागे ३.५ मिलिमीटरची १९ भोकं आहेत. पायाने दाबायचं, हनुवटीने ढकलायचं, जे जमेल ते बटण त्यात लावता येतं, आणि तो विंडोजवर थेट चालतो. हाताची बोटं न वळणाऱ्या माणसासाठी 'कनेक्ट झालं, पण चालत नाही' याचा अर्थ फार वेगळा असतो. त्याला पर्याय म्हणून दुसरा रिमोट खणात पडलेला नसतो.

भाच्याने शेवटी सांगलीहून त्याची जुनी केबल मागवली. रविवारी संध्याकाळी त्याने फोटो पाठवला, कंट्रोलरचा दिवा निळा, पडद्यावर गाडी रस्त्याच्या बरोबर मधोमध. मग फोन केला तो वेगळ्याच कामासाठी.

"मावशी, माझा रूममेट आहे ना, नाशिकचा, त्याच्याकडे एक्सबॉक्स ३६०चा रिमोट आहे. केबल लावलीय, लाइट लागतोय, पण..."

"त्याला म्हणावं केबल काढून ठेव. रिसीव्हर मिळतो का ते मी शनिवारी मुंबईत लॅमिंग्टन रोडला जाऊन बघते."

"बघ. आणि खोक्यावर काय लिहिलंय ते मला आधी वाचून दाखव हं, मगच घे."