सहलीतले दोन रिकामे दिवस

कला शाखेच्या मुलांनी हिमालयात जाऊन नाड्या कशाला मोजाव्यात, असा प्रश्न सहलीपूर्वी अनेकांनी विचारला. भूगोल आणि शारीरिक शिक्षण या विभागांनी मिळून रोहतांगची सहल काढली होती. विषय, उंचीवरील श्रम आणि शरीर. तयारी म्हणून आम्ही शृंगारपूरहून प्रचितगड दोनदा चढलो. माझा एक मित्र दोन्ही वेळा सर्वांच्या आधी वर पोहोचला.

रोहतांगला तोच मित्र बसच्या चाकाला टेकून बसला. संगमेश्वरात, शास्त्रीच्या काठी, त्याची बसल्याजागची नाडी 64 भरली होती, येथे 108. विचारले तर म्हणाला, "काय नाय रे, बस लागली." आम्ही हसलो. डोके ठणकत होते, हे त्याने रात्री खाली आल्यावर कबूल केले.

वास्तविक त्यात लाजण्यासारखे काय होते? 3,978 मीटर उंचीवरही हवेत प्राणवायू आपल्या बाजारपेठेतल्याइतकाच, म्हणजे सुमारे 21 टक्के असतो. परंतु हवेचा दाब जवळजवळ तीन-पंचमांशावर येतो, आणि फुप्फुसांतून रक्तात प्राणवायू शिरतो तो या दाबाच्याच जोरावर. सह्याद्री चढून पायांना सराव होतो. श्वासाला आणि रक्ताला विरळ हवेची सवय लागायला दिवस जावे लागतात. धट्ट्याकट्ट्या माणसाला हा त्रास होत नाही, ही समजूत खोटी आहे. उलट तो भराभर चढतो आणि सापडतो.

1962 च्या युद्धात सपाटीवरचे जवान घाईने उंचावर न्यावे लागले. पुढे 1969 साली आपल्या लष्करी डॉक्टरांनी अशा विकाराने आजारी पडलेल्या 1,925 जवानांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आज लष्कर 2,700 मीटरच्या वर गेलेल्या जवानाला सरावासाठी पहिले सहा दिवस देते. आणि आम्ही? मनालीत एक रात्र काढली आणि सकाळी थेट रोहतांग!

माझे म्हणणे एवढेच की, पुढील वर्षी मनालीत दोन दिवस रिकामे ठेवावेत. खर्च वाढेल, तासही बुडतील. पण हे दिवस फुकट जाणार नाहीत. रोज सकाळी नाडी मोजून शरीर कसे जुळवून घेते ते पाहणे, हाच तर अभ्यास! शिवाय रोज संध्याकाळी प्रत्येकाला बाजूला घेऊन डोकेदुखी, मळमळ विचारावी. त्रास असेल त्याने वर जाऊ नये. वाढला तर ताबडतोब खाली उतरावे.

आमच्या अहवालात 108 या आकड्यापुढे 'बस लागली' असा शेरा आहे. तो मीच लिहिला आहे. अहवाल ग्रंथालयात जमा होण्यापूर्वी तेवढा खोडायचा आहे.

— तृतीय वर्ष, कला