दोन फुटांवरचा पिंजरा

‘पूर्वग्रह’ हा शब्द आपल्याकडे भांडणात जास्त ऐकू येतो. समोरच्याचे मत पटले नाही की ते ‘पूर्वग्रहदूषित’ ठरते. स्वतःच्या मताला मात्र अनुभव म्हणायचे. माहिती हाती येण्याआधीच मनात घट्ट बसलेली समजूत, एवढाच पूर्वग्रहाचा अर्थ, आणि ती जाणत्यांनाही सुटत नाही. गृहीतक वेगळे. ते उघड मांडतात, म्हणून खोडताही येते. पूर्वग्रह कुणी मांडतच नाही, त्यामुळे तो तपासायला सापडत नाही.

मुंबईने याची किंमत मोजली आहे. सप्टेंबर १८९६मध्ये डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मांडवीत प्लेगचे रुग्ण ओळखले. रोग घाणीतून आणि कोंदट हवेतून येतो, गरिबांच्या खोल्या हेच त्याचे माहेर, अशी अंमलदारांची पक्की समजूत होती. मग गटारे समुद्राच्या पाण्याने आणि कार्बोलिक ॲसिडने धुतली गेली. ऊन आत यावे म्हणून छपरांची कौले उतरवली. राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांच्या भिंतींवर ‘यूएचएच’ ही इंग्रजी अक्षरे रंगवली. मांडवी हा धान्याच्या वखारींचा भाग. तिथले मेलेले उंदीर मात्र डोळ्यांसमोर असूनही दुय्यम ठरले.

१८९८मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी कराचीत प्रयोग करून उंदरावरची पिसू प्लेग पसरवते असे मांडले. सरकारी प्लेग कमिशनने ते मानले नाही. त्याच वर्षी सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि शहरात वारा खेळावा म्हणून दाट वस्त्या पाडून रस्ते काढले गेले. आजचा शामळदास गांधी मार्ग म्हणजे तेव्हाचा प्रिन्सेस स्ट्रीट. गिरगावाकडून डोंगरीला जाणारा सँडहर्स्ट रोड म्हणजे आजचा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग. दादर-माटुंग्याच्या आखीव कॉलन्याही ट्रस्टच्याच. शहराला हे सगळे उपयोगी पडले, यात शंका नाही. पण ज्यांच्या खोल्या पडल्या त्यांतल्या कितीतरी गरिबांना आसपासच्या, आधीच भरलेल्या चाळींत शिरावे लागले. गर्दी हटली नाही, सरकली.

प्लेग कसा पसरतो याचे उत्तर मिळाले परळमध्ये. तिथल्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये १८९९पासून वाल्देमार हाफकिन यांची प्लेग प्रयोगशाळा होती. १९०५मध्ये नेमलेल्या नव्या आयोगाने तिथे काम सुरू केले. प्लेगच्या पिसवा असलेल्या जागेत गिनीपिगचे पिंजरे ठेवले. पिसू उडी मारून पोचेल इतक्या खाली असलेले प्राणी आजारी पडले, दोन फुटांवर टांगलेले वाचले. हवा दोघांना एकच होती.

खुद्द हाफकिनही अशाच घाईच्या निष्कर्षाने भरडले गेले. १९०२मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी त्यांची प्लेगची लस टोचलेले १९ जण धनुर्वाताने दगावले आणि ठपका परळच्या प्रयोगशाळेवर आला. दगावलेल्या सगळ्यांना एकाच बाटलीतली लस दिली होती. ती उघडताना जमिनीवर पडलेला चिमटा नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. हाफकिन निर्दोष ठरायला १९०७ साल उजाडले. परळच्या त्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव मिळाले ते १९२५मध्ये.

आज भिंतीवर कुणी अक्षरे रंगवत नाही. तरी गिरगाव-दादरच्या इमारतींत मासे खाणाऱ्याला, एकट्या राहणाऱ्या बाईला, मुसलमान कुटुंबाला घर नाकारले जाते. ‘सोसायटीत चालत नाही’ एवढेच दलालाकडून कळते. वास येईल, त्रास होईल, लोक येत-जात राहतील, हे सगळे आधीच ठरलेले असते. त्या माणसाशी दोन शब्द बोलायचीही गरज कुणाला वाटत नाही. लालबाग-परळच्या चाळींत मिश्र शेजार पिढ्यान्‌पिढ्या नांदला, हे याच शहराला ठाऊक आहे.

घर नाकारले गेले तर कारण लेखी मागावे, आणि सोसायटीच्या सेक्रेटरींनी ते सहीनिशी द्यावे. कागदावर आलेली समजूत निदान तपासता तरी येईल.