आषाढझडीतील मन

आषाढाची झड लागली की एखाद्या घरातले बोलके माणूसही अबोल होते. मासेमारीबंदीचे 61 दिवस ट्रॉलर धक्क्याला. सूर्यदर्शन दुर्मीळ, अंगणात पाऊल टाकण्याची सोय नाही. या मरगळीला आपण आळस म्हणतो, नाहीतर बाहेरची बाधा समजून कौल लावतो. देवाला गाऱ्हाणे अवश्य घालावे. त्यासाठी डॉक्टरला टाळण्याचे कारण नाही. ऋतुमानाने येणाऱ्या औदासीन्याचे शास्त्रीय वर्णन 1984 साली अमेरिकेत झाले. तेथे त्याचा संबंध हिवाळ्यातील अपुऱ्या प्रकाशाशी जोडला जातो. आपल्याकडे प्रकाशाबरोबर मिळकत आणि माणसांची ये-जाही आटते, हे ध्यानात घ्यावयास हवे.

‘संगत’ संस्थेच्या, 2016 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गोव्याच्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांतील रुग्णांना पदवीधर मानसोपचारतज्ज्ञ नसलेल्या, परंतु प्रशिक्षित समुपदेशकांनी मन रमविणाऱ्या नित्याच्या कामांकडे वळविले. अनेकांचे नैराश्य ओसरले. तेव्हा उघडीप मिळताच बाहेर पडावे, देवळातील भजनाला बसावे. मात्र दोन आठवडे उदासी हटली नाही, झोप व भूक उडाली, तर बांबोळीच्या मानसोपचार संस्थेची पायरी चढण्यात कमीपणा कसला? ‘टेलिमानस’चा 14416 हा क्रमांकही विनामूल्य आहे. आणि मरणाची भाषा कानी आली, तर एक दिवसही थांबू नये.