बोरचा नकाशा बोरलाच द्या

वर्धा जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यातलं बोर अभयारण्य २०१४ साली व्याघ्र प्रकल्प झालं, तेव्हा त्याचं क्षेत्र होतं जेमतेम १३८ चौरस किलोमीटर. देशातल्या सर्वांत लहान व्याघ्र प्रकल्पांत ते मोडतं. एवढ्याशा जंगलातले पाच-दहा एकर उघडे पडले तरी फरक पडतो. जिल्ह्याच्या आकड्यात मात्र तो कुठेच उमटत नाही.

उमटणार कसा? भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था १९८७ पासून साधारण दर दोन वर्षांनी उपग्रहचित्रांवरून वनआच्छादन मोजते. सलग एक हेक्टर, म्हणजे अडीच एकर जमिनीवर दहा टक्के झाडोरा दिसला की ते वनआच्छादन. जमीन कोणाची, झाड कोणतं, हे विचारलं जात नाही. संत्र्याची बागसुद्धा या मोजणीत बसते. उद्या बोरमधला साग विरळ झाला आणि कारंजा-आर्वीकडे बागा वाढल्या, तर जिल्ह्याची बेरीज जागच्या जागी!

साधनांची उणीव आहे असंही नाही. युरोपचे सेंटिनेल-२ उपग्रह दर पाच दिवसांनी फेरी मारतात आणि दहा मीटरचा एकेक चौकोन टिपतात. चित्रं फुकट. अख्खं बोर सुमारे १४ लाख चौकोनांत मावतं. ती वाचणारं राज्याचं सुदूर संवेदन केंद्रही शेजारच्या नागपुरात आहे.

वाचायचं मात्र जपून. बोरचं जंगल पानझडीचं. नोव्हेंबरच्या चित्राशेजारी एप्रिलचं ठेवलं, तर कुऱ्हाड न लागताही जंगल संपल्यासारखं दिसेल. उलट घाणेरी माजली, तर वरून सगळं हिरवंगार आणि खाली चितळाला गवताची काडी नाही. वणव्याचा इशारा उपग्रहावरून येतो खरा, पण त्याचा चौकोन ३७५ मीटरचा. आग मोहफुलं वेचताना लागली की धुऱ्यावरून आत शिरली, हे तिथे पोचलेला वनरक्षकच सांगणार.

म्हणून बोरचा वेगळा नकाशा दरवर्षी त्याच महिन्यात निघावा. बदललेले चौकोन त्या-त्या बीटच्या वनरक्षकाकडे जावेत, त्याने पायी जाऊन पाहिलेलं कारण शेजारी लिहिलं जावं आणि तो कागद हिंगणीसह भोवतालच्या ग्रामपंचायतींत मराठीत लागावा. यामुळे तस्करांचं फावेल, अशी शंका निघेल. पण नकाशात वाघाचा ठावठिकाणा नसतो, आणि साग कुठे तुटला हे तोडणाऱ्याला आधीच ठाऊक असतं. सुरुवातीला मागची दहा वर्षं तपासता येतील. सेंटिनेलची चित्रं २०१५ पासून साठ्यात पडून आहेत.