द्राक्षाला मोजून ताण, उसाला मात्र मोकाट पाणी!



उसाच्या कारखान्याच्या पत्रिकेत वाइनच्या द्राक्षांवर लेख कशाला, असे काही जण विचारतील. वारीला जाणारे आमचे वडीलधारे सभासद तर भुवया चढवतील. म्हणून आधीच सांगून टाकतो, पेल्यातल्या वाइनशी आम्हांस कर्तव्य नाही. आमचे लक्ष आहे ते त्या वेलीच्या बुडाशी पडणाऱ्या पाण्यावर. कोरड्या मुलखातला वाइन-द्राक्षाचा चांगला शेतकरी हाताशी पाणी असूनही काही ठराविक दिवसांत ते मुद्दाम कमी करतो. हे त्याला कसे परवडते आणि आपल्याला का परवडत नाही, एवढाच आजचा विषय आहे.

ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय भागात मरे नदीच्या काठी रेनमार्क आणि मिल्ड्युरा ही गावे आहेत. पाऊस वर्षाला जेमतेम २५० ते ३०० मिलिमीटर. आपला माण-सांगोल्याचा दुष्काळी पट्टा त्यापुढे ओला म्हणावा लागेल. १८८७ साली चॅफी नावाच्या दोघा भावांनी नदीचे पाणी पंपाने उचलून तिथे बागायती वसाहती वसवल्या. थोड्याच वर्षांत त्यांची कंपनी बुडाली. पण रेनमार्कच्या शेतकऱ्यांनी १८९३ साली कायद्याने स्वतःचा ट्रस्ट करून पाण्याचा कारभार आपल्या हाती घेतला, आणि १९१६ साली सहकारी तत्त्वावर डिस्टिलरीही उभारली. म्हणजे ही मंडळी आपल्याच जातकुळीतली आहेत.

त्यांचीही सुरुवात आपल्यासारखीच झाली. सरीत पाणी सोडायचे आणि शेवटच्या टोकाला पोचले की पुढची सरी धरायची. काही वर्षांतच जमिनीखालचे पाणी वर आले आणि त्याबरोबर क्षारही वर आले. बागा वाळू लागल्या, निचऱ्याचे चर काढावे लागले आणि तेच खारे पाणी पुन्हा नदीची चव बिघडवू लागले. शिरोळ-मिरजेकडच्या किंवा नीरा कालव्यावरच्या क्षारपड रानात ज्यांनी पांढरी खपली पाहिली आहे, त्यांना हे अधिक उकलून सांगणे न लगे. पुढे १९९५ साली मरे आणि तिच्या उपनद्यांतून किती पाणी उचलायचे यावर मर्यादा आली. त्यानंतरच्या मोठ्या दुष्काळात, २००८-०९ साली, दक्षिण ऑस्ट्रेलियातील बागायतदारांच्या वाट्याला त्यांच्या हक्काच्या पाचव्या हिश्शापेक्षाही कमी पाणी आले. मोजून पाणी देण्याचे शहाणपण काही अंशी अशा टंचाईनेच शिकवले.

पण नुसती टंचाई हे त्याचे कारण नव्हे. द्राक्षाचे शास्त्रही तेच सांगते. ‘ताण’ हा शब्द आपल्याला नवा नाही. डाळिंब-मोसंबीवाला बहार धरण्यासाठी बाग ताणावर सोडतोच. व्हिक्टोरिया राज्यातील टाटुरा येथील संशोधकांनी १९७० च्या दशकाअखेरीस आणि १९८० च्या दशकात पीच आणि पेअरच्या झाडांवर दाखवून दिले, की पिकाच्या नेमक्या अवस्थेत नेमका ताण दिला तर फांदीची वाढ थांबते, पण फळाचे नुकसान होत नाही. हीच रीत पुढे वाइनच्या द्राक्षाला लागू झाली.

डोळे फुटताना आणि फुलोऱ्यात वेलीला पाणी कमी पडू द्यायचे नाही. मणी धरले की ते रंग पकडेपर्यंत पाणी आखडते घ्यायचे, विशेषतः काळ्या जातींना. त्या दिवसांत शेंडा थांबतो, पानांची गर्दी होत नाही आणि घडाला ऊन-वारा लागतो. मणी लहान राहतो, आणि लहान मण्यात रसाच्या मानाने साल जास्त. वाइनचा रंग आणि तुरटपणा सालीतच असतो. रंग धरल्यावर पाने जळणार नाहीत इतके पाणी द्यायचे, उष्णतेची लाट येणार असेल तर आधीच जमीन ओली करून ठेवायची आणि तोडणीनंतर मुळांत साठा व्हावा म्हणून पुन्हा पाणी द्यायचे. हे सारे डोळ्यांच्या अंदाजाने होत नाही. जमिनीत टेन्सिओमीटरसारखी साधने पुरलेली असतात आणि ठिबकला मीटर असतो.

आणखी एक युक्ती १९९० च्या दशकात ॲडलेडच्या संशोधकांनी पुढे आणली. वेलीच्या एका बाजूची मुळे ओली ठेवायची, दुसऱ्या बाजूची कोरडी, आणि काही दिवसांनी पाळी बदलायची. कोरडी मुळे पानांना संदेश धाडतात, पाने आपली छिद्रे आवळतात आणि बाष्प कमी उडते. त्यांच्या प्रयोगांत पाणी जवळपास निम्म्यावर आले तरी उत्पन्न फारसे घटले नाही. आपल्याकडे उसाला एक आड एक सरी पाणी देण्याची जी शिफारस आहे, तिचाच हा भाऊ म्हणावा.

ठिबक म्हणजे जादू आहे असेही कोणी समजू नये. जिथे क्षार धुऊन नेणारा पाऊस नाही, तिथे ठिबकखालच्या ओलाव्याच्या कडेला क्षार साठतात. त्यासाठी मधूनमधून जास्तीचे पाणी देऊन ते खाली धुवावे लागतात आणि क्षार सोसणारे खुंट वापरावे लागतात. ताण अति झाला तर मणी सुकतो, साखर नुसती आटून वाढते आणि चव येत नाही. दुसऱ्या टोकाला स्पेनचे उदाहरण आहे. पाण्याने वाइन बिघडते या समजुतीने तिथे द्राक्षमळ्यांना पाणी देण्यावरच कायद्याने बंदी होती. ती १९९६ साली उठली. सरसकट बंदी नको आणि मोकाट पाणीही नको. मोजमाप हवे.

आता मुद्द्याचे. मरेकाठचा प्रत्येक शेतकरी काही ऋषिमुनी नाही. जिथे द्राक्षाला नुसता टनावर दर मिळाला, तिथे त्यानेही टन वाढवण्यासाठी पाणी सोडलेच. पण तिथल्या काही वायनऱ्यांनी द्राक्षाची साखर आणि रंग मोजून दर ठरवायला सुरुवात केली, तेव्हा ताण देणे शेतकऱ्याच्या फायद्याचे झाले. नाशिककडेही पाहा. खायच्या द्राक्षाला मोठा, टपोरा मणी लागतो आणि वाइनच्या द्राक्षाला लहान. तोच जिल्हा, तेच पाणी. पण घेणारा काय मोजतो त्याप्रमाणे देणारा पाणी देतो.

आता आपल्या फडाकडे वळू. ऊस हे मोठे पीक आहे, त्याला पाणी जास्त लागणारच. सुरू उसाला २५० हेक्टर-सेंटिमीटरच्या आसपास आणि आडसालीला ३०० च्या वर पाणी धरले जाते. द्राक्षाशी त्याची बरोबरी कोणी करू नये. परंतु पक्व होताना उसालाही ताण हवा, त्याने साखर वाढते, हे आपले शेतकी खाते दर हंगामाला सांगते. तरी तोडणीच्या तोंडावर फडात पाणी का दिसते? गावात विचारा, उत्तर रोखठोक मिळेल : “पाणी पाजलं की काटा वाढतो, आणि पैसे काट्याचेच मिळतात. साखर कुणी बघतंय व्हय आमच्या उसातली?”

त्या सभासदाचे काय चुकले? ढोबळ हिशेब मांडू. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला रास्त व किफायतशीर दर क्विंटलला ३५५ रुपये आहे, आणि उतारा ०.१ टक्क्याने वाढला की ३ रुपये ४६ पैसे जास्त. समजा एखाद्याने वेळेवर पाणी तोडले आणि एकरी दोन टन वजन घटले. तोडणी-वाहतूक वजा होण्यापूर्वीचे ७१०० रुपये त्याच्या एकट्याच्या खिशातून गेले. उसातली साखर वाढली खरी, पण तिचा लाभ कारखान्याच्या सरासरी उताऱ्यात मिसळून हजारो सभासदांत वाटला गेला. जो नेटका वागला त्याला तोटा, आणि ज्याने आदल्या आठवड्यात पाट सोडला त्याच्या पदरात वजनही आणि दुसऱ्याच्या साखरेतला वाटाही! अशा व्यवस्थेत पाणी वाचवा म्हणून भाषणे ठोकण्यात काय हशील?

शिवाय टोळी कधी येणार याचा नेम नाही. तोडणी पंधरा दिवस पुढे गेली तर ताणावरचा ऊस वाळतो. मग पाणी तोडायचे कोणाच्या भरवशावर?

म्हणून आमच्या तीन सूचना आहेत. पहिली, तोडणीची तारीख गटऑफिसने किमान तीन आठवडे आधी लेखी द्यावी आणि ती पाळावी. ती हुकली तर वजनातल्या तुटीचा काही भार कारखान्याने सोसावा. दुसरी, एका गटात प्रयोग म्हणून प्रत्येक सभासदाच्या उसाचा नमुना तपासून साखरेप्रमाणे बक्षीस-दर द्यावा. हे अशक्य नाही. ऑस्ट्रेलियातच, क्वीन्सलँडमध्ये, कित्येक दशके शेतकऱ्याच्या उसातली साखर तपासून पैसे दिले जातात. तपासणीच्या वेळी सभासदांचा प्रतिनिधी हजर असावा, नाहीतर काट्यावरच्या संशयात आणखी एका संशयाची भर पडेल. तिसरी, ठिबकसाठी कर्ज देताना मीटरही द्यावा आणि पाण्याची नोंद ठेवणाऱ्याला व्याजात सूट द्यावी.

यासाठी खर्च येईल आणि कटकटीही होतील. उलट बाजूही आम्हांला दिसते. ज्याचे रान हलके किंवा क्षारपड आहे, त्याचा उतारा त्याचा दोष नसताना कमी येईल. म्हणून मूळ दर सर्वांना सारखाच राहावा आणि साखरेचा लाभ त्यावर वेगळा मिळावा. गरीब सभासदाच्या पानातले काढून मोठ्याच्या ताटात वाढणारी योजना आम्हांस नको.

चांगल्या दर्जाने बाजार नेहमी राखला जातो असेही नव्हे. २०२१ पासून चीनने मोठे आयातशुल्क लावल्यावर मरेकाठच्या काळ्या द्राक्षांचे भाव कोसळले, आणि २०२४ साली ते शुल्क उठले तरी तिथला शेतकरी लगेच सावरला नाही. परंतु ज्याने पाणी मोजले त्याची जमीन तरी शाबूत राहिली. भाव आज पडतो, उद्या चढतो. मिठाने मेलेले रान मात्र पोराच्या हयातीतही सहजी परत येत नाही.

येत्या वार्षिक सभेत भावाची चर्चा तर होईलच, ती व्हायलाही हवी. पण त्याबरोबर एक प्रश्न प्रत्येक सभासदाने उभे राहून विचारावा : कारखाना आमच्याकडून साखर विकत घेतो, की पाणी? याचे उत्तर बदलले, की पाटाचे पाणी आपोआप आवरेल.

– संपादक मंडळ